चौथी बंडी

दूध मोजत आले वीस वर्षं,
सकाळचं, संध्याकाळचं, फॅट, डिग्री,
केंद्रावरच्या पावत्या खाऱ्या बिस्किटांच्या डब्यात.
शेण कधी मोजलं नव्हतं.
मोजलं तेव्हा कळलं, आमची डांगी
चार लिटर देते आणि चौदा किलो,
त्या चौदा किलोचं आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

तन्वीर मालेगावचा, राहायचा सिन्नरला.
पांढुर्लीत अकरा घरं निवडली त्याने आणि हिंगमिरे मॅडमनी.
अकरा घरं म्हणजे अकरा उकिरडे.
पहिल्याच दिवशी म्हणाला, उघडा ठेवू नका,
उन्हात जीव उडून जातो त्याचा.
आम्ही बाया हसलो. उकिरड्याला जीव?
तर म्हणाला, वैशाखात नाकाला झोंबतो,
डोळ्यांतून पाणी काढतो,
तो वास म्हणजे उडून चाललेलं नत्र.
म्हणजे इतकी वर्षं
खत आम्ही हुंगत होतो,
शेतात घालत नव्हतो.

खड्डा खणला. वर जुनं शेडनेट.
गोठ्यातून मुताला नाली काढली, उताराने.
थर्मामीटर दुसऱ्याच आठवड्यात म्हशीने तुडवला.
नवा येईपर्यंत
मी रात्री पहार खुपसून ठेवायची खड्ड्यात,
पहाटे उपसून मनगटाला लावायची,
बाळाच्या दुधाची ऊब बघतात तशी.
नवा आला तरी पहार राहिली.
आता वहीत दोन्ही लिहितो,
त्याचा आकडा, माझा शब्द.
साठ, चटका.
पंचेचाळीस, सोसवतं.
तीस, निवलं.
माझ्या शब्दाला रकाना त्यानेच आखून दिला,
पट्टी न लावता, जरा तिरका.

मग बंड्यांची गोष्ट निघाली.
सुती कापड वीतभर खोल पुरायचं, दोन महिने.
मातीत जेवढा जीव, तेवढं ती खाणार.
घरात सुती काय, तर मामांच्या बंड्या,
धुऊन धुऊन विरलेल्या, तीन दिल्या काढून.
मामा ओट्यावरून कडाडले,
'जित्या माणसाचे कपडे पुरता?'
आणि आठ दिवस तन्वीरशी बोलले नाहीत.
चहा मात्र त्याच्यासाठी त्यांनीच सांगायचा,
भिंतीकडे बघून.

उकरायला सगळी घरं जमली.
नुसत्या युरियाच्या वाफ्यातली
निघाली अख्खी. झटकून घालावी अशी.
कच्च्या शेणखतातली, जागोजाग भोकं,
चाळणीच जणू.
खड्ड्यातलं खत घातलं होतं तिथे
मक्याच्या मुळ्या नि गांडुळं यांच्यात
फक्त शिवण सापडली.
गळ्याचा गोल, बाह्यांचे दोन गोल, खालचा घेर,
दोरा टेरिकॉटचा म्हणून राहिला.
बंडीचा नकाशा, आत बंडी नाही.
मॅडमनी तो ताटात ठेवला, फोटो काढला.
मामा म्हणाले, 'नऊ वर्षं घातली मी.
मला काही एवढं जमलं नाही.'

आणि मग, 'थांबा,' म्हणाले.
कुदळ घेऊन निघाले बांधाकडे, दारणेच्या अंगाला,
जिथे त्यांच्या तरुणपणी दावण होती,
सात म्हशी, तीस वर्षं, त्याच जागी.
तिथे त्यांनी स्वतः पुरली होती एक.
कुणाला न सांगता. रात्री. बॅटरी घेऊन.
सासूबाईंनी हाताने शिवलेली, सुती दोऱ्याची.

एक खड्डा केला. पलीकडे दुसरा.
मग तिसरा, गुडघे टेकून, हाताने.
माती काळी, भुसभुशीत, चिमटीत धरली तरी सुटणारी,
आणि काही नाही.
चिंधी नाही, दोरा नाही.
'खाल्ली,' मामा म्हणाले.
सगळे गप्प. जागाच चुकली असेल,
हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात आलं असणार.
माझ्याही आलं.
तन्वीरने पेन उघडलं, मिटलं,
म्हणाला, ही नोंद धरता येणार नाही, बाबा.
मुठीतली माती मात्र त्याने पिशवीत घेतली,
पिशवीवर चार आकडा घातला.

धारेची वेळ झाली होती. डांगी हंबरत होती.
वही माझ्याकडे आली.
आकड्याचा रकाना कोरा.
माझ्या तिरक्या रकान्यात मी लिहिलं,
मामा वाकून बघत होते म्हणून नव्हे,
'संपली'.